झाकून ठेवलेला चहा

चारकोपच्या घरी माझा चहा कायम फिका. गॅस बंद केला की मी लगेच गाळते. आज लेक वैतागली. "आई, जरा मुरू दे ना," म्हणत तिनेच पातेल्यावर ताटली ठेवली. ताटलीच्या कडेने आल्याचा वास सुटला आणि मी भांडुपच्या आमच्या जुन्या स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले.

त्या दिवशी सुहास मला मागणी घालायला आला होता. तो मला आवडतो हे घरात फक्त दादाला ठाऊक होतं. मीच सांगितलं होतं, विश्वासाने. एरवी दादाला चहा उतरवल्याबरोबर हातात लागायचा. पण तेव्हा तो आत डोकावून म्हणाला, "आज नीट मुरू दे गं. मी हाक मारल्याशिवाय गाळू नकोस." मला केवढं बरं वाटलं! माझ्यासाठी दादाची ही धडपड. बाहेर टीव्हीचा आवाज वाढला, तेव्हाही काही खटकलं नाही. गरम ताटलीवर बोटं टेकवत मी एकटीच हसत होते.

हाक आली. तीन कप घेऊन बाहेर गेले, तर सुहासची खुर्ची रिकामी.

"गेला तो. तुझं गावाकडे जमलंय म्हणून सांगितलं त्याला."

माझं कुठेच काही जमलं नव्हतं. दादाने माझ्या हातातल्या ट्रेमधून कप उचलला, घोट घेतला. "वा, झकास! असा करत जा ना रोज."

चहा खरंच झकास झाला होता. तेच मला अजून सहन होत नाही.