हिरव्या ठिपक्याचा माईक

धारच्या नलूमावशींना मी फसवलं. हे आजवर कोणाला सांगितलेलं नाही — बायकोला नाही, दुकानात चहाला जमणाऱ्या दोस्तांनाही नाही. त्यांना मी उलटंच सांगत आलो, की धारच्या त्या घरानं मला लुटलं. ते अर्धं खरं होतं. म्हणून तर इतकी वर्षं टिकलं.

देवासला माझं माईक-स्पीकरचं दुकान आहे. वडील कारखान्याच्या नोकरीसाठी इकडे मध्य प्रदेशात आले; मी नोकरीच्या वाटेला गेलो नाही. लोकांचे जळलेले अँप्लिफायर उघडून उघडून शिकलो, शिकवणारं कोणी नव्हतं. त्यामुळे माझ्या कामाला कोणी हसलं की डोकं फिरतं. आजही फिरतं.

घरी बसून गाणी रेकॉर्ड करायला मुलं तो स्वस्तातला कंडेन्सर माईक घेतात ना — त्यात एक खोट असते. त्याचा पडदा बारीक, टोकदार आवाज जरा जास्तच उचलतो. महागड्या माईकात आतलं सर्किट तो चढलेला आवाज पुन्हा खाली ओढतं. स्वस्तवाले तेवढा खर्च वाचवतात. मग ‘स’ आणि ‘श’ सुईसारखे कानात शिरतात, भरदार गळासुद्धा पत्र्यासारखा वाजतो. मी तो माईक उघडून सर्किटमध्ये मसुरीच्या दाण्याएवढा एक कपॅसिटर बसवायचो. एवढंच. पण नेमका कोणता बसवायचा, हे कानानं शोधण्यात माझा एक अख्खा उन्हाळा गेला होता. असा सुधारलेला माईक ओळखू यावा म्हणून बुडाशी हिरवा ठिपका द्यायचो — बायकोनं नावडून टाकलेल्या नेलपॉलिशचा. हिरवा ठिपका म्हणजे माझा शब्द.

नलूमावशी कोण? धारच्या जुन्या मराठी घरांत लग्न निघालं, की मंगलाष्टकं त्यांचीच. त्यांच्या सासरच्या चाली कुठल्या पोथीत नव्हत्या, त्यांच्या गळ्यात होत्या. नातवंडं हिंदी शाळांतली, मराठी वाचताना अडखळणारी. म्हणून त्यांचे दीर बापूसाहेब यांनी ठरवलं, वहिनींचा आवाज रेकॉर्ड करून ठेवायचा. मी हिरव्या ठिपक्याचा एक माईक घेऊन धारला गेलो. मावशींनी दोन ओळी म्हटल्या, कानाला हेडफोन लावून ऐकल्या आणि लाजून हसल्या. “अगंबाई, मीच की ही.”

मग भाव सुरू झाला. बापूसाहेबांनी मोबाइल काढला.

“भिया, हाच माईक इथे निम्म्यात मिळतोय. तू काय आतून सोन्याचं पाणी चढवलंस?”

मी मसुरीच्या दाण्याची गोष्ट सांगितली. सांगायला नको होती.

“म्हणजे एक मसूर टाकलास आणि पैसे पंगतभर दाल-बाफल्याच्या जेवणाचे मागतोस!”

बैठकीतले सगळे हसले. फक्त मावशी हसल्या नाहीत. “भाऊजी, देऊन टाका. त्याच्या हाताचे आहेत ते,” म्हणाल्या. त्यांचं कोणी ऐकलं नाही. आणि मी? मी तरी कुठे ऐकलं? माझ्या कानात ते हसणंच राहिलं. म्हटलं, “ठीक आहे, तुमच्याच भावात घ्या. केबल बदलून परवाच्या बसनं पाठवतो.”

केबल चांगली होती.

दुकानात आलो, माईक उघडला आणि तो दाणा काढून घेतला. भर दुपारी, समोर गिऱ्हाईक उभं असताना. सोल्डरची जागा स्पिरिटनं अशी पुसली, की आत कोणाचा हात लागला होता हे कळू नये. निम्म्या भावात निम्मा माईक — हिशोब मला चोख वाटला. पण मग ठिपका का ठेवला? थिनरची बाटली शेजारीच होती. एक बोळा फिरवला असता, तर तो नुसता राग ठरला असता. ठिपका ठेवला, तिथे फसवणूक झाली.

माझा डाव असा होता — आवाज चिरका येईल, बापूसाहेब फोनवर ओरडतील, मग मी म्हणेन, पूर्ण भाव द्या आणि फरक ऐका. फोन आला. पण तो मावशींचा होता.

“अरे, माईक ठीक आहे ना? ‘सावधान’ म्हटलं की काच फुटल्यासारखं ऐकू येतं. त्या दिवशी तर छान वाटलं होतं.”

एका वाक्यानं सगळं मिटलं असतं. तेवढ्यात मागून बापूसाहेबांचा आवाज आला — “कोण, मसूरवाला का?”

आणि मी म्हणालो, “मावशी, त्या दिवशी तुम्ही दोनच ओळी म्हटल्या होत्या. लांब म्हटलं की गळ्याचं वय कळतं. माईक काय, आहे तेच ऐकवतो.”

त्या म्हणाल्या, “बरं झालं सांगितलंस. बाकीचे तोंडावर बोलत नाहीत.”

तुम्हीच सांगा — टोमणा दिरानं मारला, मग वार वहिनींवर का केला? मला उत्तर माहीत आहे. त्या माझं म्हणणं मानतील, हे मला ठाऊक होतं. बापूसाहेबांनी मानलं नसतं.

पुढे त्याच घरातल्या एका लग्नात साउंड माझा होता. मंगलाष्टकांची वेळ झाली. मी स्वतः माईक घेऊन मावशींपाशी गेलो — का गेलो, कोण जाणे. त्यांनी हसत माझा हात बाजूला केला. “नको रे. माझ्या ‘सावधान’नं नवरी दचकेल.” मग कोणीतरी मोबाइलवर कुठल्यातरी बाईंची मंगलाष्टकं लावली आणि ती माझ्याच स्पीकरवरून वाजली. ‘सावधान’च्या आधी मावशी एक श्वास थांबत असत. त्या श्वासात माणसं मुठीतल्या अक्षता सावरत. मोबाइल थांबला नाही. निम्म्या अक्षता आधी पडल्या, निम्म्या नंतर. लोक हसले. त्या वेळी का कुणास ठाऊक, ते हसणं मला सोसवेना.

त्यानंतर मावशी कुठेच गायल्या नाहीत. घरात देवापुढेसुद्धा नाही, असं ऐकतो. ती रेकॉर्डिंगंही त्यांनी पुसायला लावली.

मागच्या आठवड्यात त्यांची धाकटी नात दुकानात आली, बहिणीच्या लग्नाचा साउंड ठरवायला. मी विचारलं, मंगलाष्टकं कोण म्हणणार? “मोबाइल पे लगा देंगे, अंकल. आजी गायची म्हणतात पहिले, मुझे तो ठीक से याद भी नहीं.” त्या दिवशी मी भाव केला नाही. तिनं सांगितला तो मान्य केला. पोरगी चकितच झाली.

त्या लग्नाला मी जाणार आहे. तो माईक त्यांच्या कपाटात अजून डब्यात आहे, नातीनंच सांगितलं. तो मागून घेईन, मांडवात सगळ्यांसमोर उघडेन, दाणा बसवेन आणि तो का नव्हता ते बोलेन. यानं गळा परत येईल? इतकी वर्षं मिटून ठेवलेला गळा खरंच बसतो. म्हणजे मी जे खोटं बोललो, ते एव्हाना खरं झालेलं असेल. ते कुठल्या सोल्डरनं जोडायचं?

बापूसाहेब, तुमच्या त्या हसण्याचा राग माझ्या मनात अजून आहे. तो राहील. पण तुम्ही मांडवात असाल. मला उभं करा आणि विचारा — वहिनींचा गळा कोणी बंद केला? हसला होतात तेवढ्याच मोठ्यानं विचारा. नाव मी सांगेन. या वेळी भाव करणार नाही.