उलटे आबा आणि पाण्यावरची रेघ

उलटे आबा जिथं जायचं असेल त्या दिशेला पाठ करून जात. भाटघर धरणाच्या पाण्यावर त्यांची होडी होती. वल्हवणारा माणूस पुढचा काठ पाहत नाही, सोडलेला काठ पाहतो, एवढंच त्याचं कारण. पण ही सवय त्यांच्या अंगात इतकी मुरली होती की देवळाच्या पायरीवर गप्पा मारतानाही ते समोरच्याकडे पाठ करून बसत. कुणी हटकलं तर म्हणत, "त्वांड बघून काय कळतंय? आवाज ऐकावा माणसाचा."

होडी निघाली की आबा काठावरच्या उंबराचा शेंडा आणि त्यामागचा देवळाचा कळस एका रेषेत आणत आणि पलीकडचा काठ लागेपर्यंत ती रेषा मोडू देत नसत. मागे पाण्यावर दोरी ताणल्यासारखी सरळ रेघ उमटे. त्या रेघेचा त्यांना अभिमान होता. दुधाच्या किटल्या घेऊन रोज पलीकडे जाणाऱ्या शेवंताकाकू त्यांना डिवचत, "आबा, जरा म्होरं बघा की. घालताय खडकावर!"

"म्होरं तुमी बसलाय न्हवं? खडक दिसला की वरडा," आबा म्हणत. काकूंना ओरडायची वेळ कधी आली नाही.

मी किकवीचा. एका दैनिकाला तालुक्याच्या बातम्या पाठवतो आणि लग्नसराईत ड्रोनने शूटिंग करतो. पाण्यावर पूल बांधून झाला, त्याची बातमी घ्यायला गेलो, तेव्हा कळलं की आठ दिवसांनी पुलावरून एसटी सुरू होणार आणि त्याच दिवशी होडी बंद. आबांना प्रतिक्रिया विचारली. त्यांनी दिली नाही, उलट कामच सांगितलं. "पन्नास वरसं रेघ मारली. वरनं कशी दिसती, कुणी बगितलं न्हाई. तुमच्या त्या भुंग्यानं शेवटची तेवढी काढा."

मी हो म्हणालो. अडचण नंतर सांगितली. मार्गासनीच्या एका लग्नात माझा ड्रोन चिंचेत अडकून पडला होता आणि त्यातलं जीपीएस गेलं होतं. जीपीएस असलेला ड्रोन बोट काढलं की हवेत जागच्या जागी उभा राहतो. नसलेला राहत नाही. वारा नेईल तिकडे घसरत जातो. सुटा भाग यायला महिना लागणार होता. पाण्यात गेला तर ड्रोनही जाणार आणि आबांची रेघही.

"मग शिका की," आबा म्हणाले. "आठ दिस हायेत."

पाणी ओसरून उघड्या पडलेल्या गाळाच्या रानात शिकणं सुरू झालं. गाळ मऊ, पडलं तरी मोडत नाही. पहिल्या दिवशी ड्रोन नऊ वेळा पडला. दर वेळी मी घाबरून बोटं सोडत होतो आणि दर वेळी तो वाऱ्याबरोबर निघून जात होता. आबा पाठ करून बसले होते. नवव्यांदा धप्प असा आवाज आला तेव्हा म्हणाले, "बातमीदार, वल्हं सोडलं म्हून होडी थांबती व्हय? थांबाया बी वल्हवाय लागतंय. उलटं मारा. पन थोडं."

हे 'थोडं' जमायला तीन दिवस गेले. चौथ्या दिवशी ड्रोन हवेत थरथरत का होईना, एका जागी राहिला. आबांनी रिमोट मागितला. मी दिला. त्यांनी तो मांडीवर घेतला, ड्रोनकडे पाठ केली आणि उंबर व कळस एका रेषेत धरून निवांत त्यावरच्या काड्या ढकलू लागले. होडीत हे बरोबर होतं, कारण होडीत ते स्वतः बसलेले असत. ड्रोनमध्ये कुणीच नव्हतं. तो सरळ गेला आणि शेवंताकाकूंच्या गवताच्या गंजीत शिरला.

"आबा," काकू अंगणातून ओरडल्या, "हितं धक्का न्हाई! उतारू कुठं उतरायचे?"

आबांनी चूक मान्य केली नाही. "रेघ सरळ व्हती," एवढंच म्हणाले.

ड्रोनच्या पंखातलं गवत काढताना माझ्या लक्षात आलं की रेघ खरंच सरळ होती. आबा खुणा धरत होते, मी चार दिवस नुसता ड्रोनकडे पाहत होतो. आकाशात एकटा ठिपका पाहून तो सरकतोय की उभा आहे, हे कळत नाही. त्यामागे एखादं झाड किंवा सुळका धरला की लगेच कळतं. पुढचे चार दिवस मी पलीकडच्या डोंगराचा एक सुळका धरला. शेवटच्या दिवशी ड्रोन एकदाही पडला नाही.

होडी शेवटची निघाली तेव्हा नऊ उतारू होते आणि काकूंच्या किटल्या. मी उंबराखाली उभा राहिलो आणि ड्रोन होडीच्या मागे, वरच्या बाजूला ठेवला. आबा कळस पाहत वल्हवत होते. रेघ उमटत होती. ती अर्ध्यावर गेली आणि मी मोहाने सुळका सोडून रिमोटच्या पडद्याकडे पाहू लागलो.

तेवढ्यात पडद्यावर आबांनी उजवं वल्हं सोडलं आणि तो हात लांब करून पाण्याकडे दाखवला. मी मान वर केली. त्यांच्या उजव्या, म्हणजे माझ्या डाव्या बाजूने पाणी काळं पडत येत होतं. खोऱ्यातून वारा सुटला की पाणी आधी काळं पडतं, हेही त्यांनीच शिकवलं होतं. मी काडी वाऱ्याविरुद्ध दाबली. ड्रोन पाण्याकडे कलला, घसरला, सावरला.

चित्रीकरणात आबांची रेघ या काठापासून त्या काठापर्यंत दिसते. दोरीसारखी सरळ. मधोमध मात्र, आबांनी वल्हं सोडलं तिथं, एक बाक आहे. देवळात सगळ्यांनी मिळून पाहिलं तेव्हा काकूंनी बोट ठेवलं, "शेवटच्या दिशी वाकडी केलीत व्हय, आबा?"

"म्या न्हाई," पडद्याकडे पाठ करून बसलेले आबा म्हणाले. "बातमीदारानं केली." मग मान वळवून त्यांनी ती रेघ पुन्हा एकदा दाखवायला लावली. मग आणखी दोनदा.

महिन्याने मुलगा त्यांना पुण्याला घेऊन गेला. सामानाचा टेम्पो पुलावरून जाणार होता. सुटा भाग आला होता, तरी मी तो बसवला नव्हता. त्याच ड्रोनने उंबराखालून टेम्पोचं चित्रीकरण करू लागलो. मुलगा पुढे केबिनमध्ये बोलावत होता, पण आबा मागच्या हौद्यात गादीच्या वळकटीवर बसले, आमच्याकडे तोंड करून. शेवंताकाकू पदर तोंडाला लावून म्हणाल्या, "बसले बगा उलटे!"

टेम्पो पुलाच्या मध्यावर गेला आणि आबांनी उजवा हात लांब केला. निरोपाचा असावा म्हणून काकूंनीही हात हलवला. मी मात्र पाण्याकडे पाहिलं. डावीकडून काळं पडत येत होतं. मी काडी वाऱ्याविरुद्ध दाबली, थोडी. ड्रोन जागेवर राहिला. मान वर केली तेव्हा टेम्पो पुलापलीकडच्या वळणाला लागला होता आणि हौद्यातून आबा अजून उंबर आणि कळस पाहत होते.