कागदावर मेलेली आत्या

मोठेबाबा, म्हणजे माझ्या बाबांचे थोरले भाऊ, गेले आणि बसायला येणारा जो तो त्यांना देवमाणूस म्हणू लागला. ज्यांना त्यांनी कधी बांधावर पाय ठेवू दिला नाही, तेसुद्धा. आपल्याकडे माणूस मेला की फुकटात संत होतो.

चुलतभावाला तर तेरवीपर्यंतही दम निघाला नाही. बाराव्या दिवशीच तो वारसनोंदीसाठी तलाठ्याकडे पळाला आणि शेताच्या जुन्या फेरफाराची नक्कल घेऊन आला. मी शाळेत शिकवते, म्हणून वाचायला माझ्याच हातात दिली. आजोबांचे वारस दोन मुलगे. एक मुलगी, आणि तिच्या नावापुढे लिहिलेलं, मयत. खाली दोन सह्या, मोठेबाबांची आणि माझ्या बाबांची.

ती मयत मुलगी म्हणजे माझी आत्या. त्या वेळी ती मागच्या अंगणात बसून तेरवीच्या बुंदीसाठी बेसन चाळत होती. दर राखीला ती मुकुटबनहून एसटीनं यायची, आणि हे दोघे महाशय तिच्याकडून मजेत ओवाळून घ्यायचे. लाज कशाशी खातात, हे आमच्या घराण्याला ठाऊकच नाही.

मी बाबांना एकटं गाठलं.

"तवा सगळेच तसं करत," ते म्हणाले. "दादानं सही कर म्हटलं, मी केली. आता कायले उकरून राह्यली? तिले सांगू नको."

सगळेच करत म्हणे! मला बाबांची किळस आली. आणि पोरांना रोज खरं बोला म्हणून शिकवणारी मी तरी काय केलं? दुसऱ्या दिवसापर्यंत तोंड शिवून बसले.

तेरवीच्या पंगती उठल्या. घरचेच तेवढे जेवायचे राहिले होते. आत्या वाढत होती. वाढता वाढता थांबली.

"कालपासून सगळे माह्या तोंडाकडं काहून पाहून राह्यले? काय हाये काल आणलेल्या त्या कागदात?"

मग मी कागद काढला आणि वाचून दाखवला. मयत हा शब्द गाळला नाही.

आत्या रडली नाही. तिनं बाबांना विचारलं, "मंग माह्यी तेरवी केलती का रे तुमी?"

बाबांचा घास हातातच राहिला. तिनं त्यांच्या ताटात आणखी बुंदी वाढली.

"जेव," ती म्हणाली. "आज दोघाईचीबी होऊन जाऊ दे."