टिटवीची अंडी उंचावर

शाळेच्या मागेच पाझर तलाव असला की किस्से शोधत हिंडावं लागत नाही. चिखलाच्या चपला घालून ते आपणच वर्गात येतात! केज तालुक्यातली आमची शाळा, आणि मी तिसरीची मॅडम.

*

पाणथळ जागांचा पाठ चालू होता. विचारलं, "तलावात कोण राहतं?" वाटलं, बगळा, मासा, खेकडा असं काही येईल. सुजाताचा हात वर. "आमची म्हैस!"

"अगं, ती तर तुमच्या घरी राहते."

"न्हाई मॅडम, दिवसभर तलावातच ऱ्हाती. घरी निस्ती मुक्कामाला येती!"

*

पावसाळ्यात अल्ताफनं बरणीत बेडकाची पिल्लं आणली. गणिताच्या तासाला अख्खा वर्ग बरणीभोवती! हळूहळू पाय फुटले, शेपट्या गेल्या. त्यांना तलावात सोडायला निघालो, तर अल्ताफ अडून बसला.

"मॅडम, आधी टीसी द्या. टीसीबिगर त्यांना दुसरीकडं कसं घेतील?"

*

उन्हाळ्यात पाणी आटलं आणि गाळ न्यायला ट्रॅक्टर सुरू झाले. नेमकी त्याच वाटेवर टिटवीनं खड्यांत चार अंडी घातलेली. माझा जीव टांगणीला! अल्ताफचे अब्बा रफिकभाई ट्रॅक्टर थांबवून बघायला उतरले, तर टिटवी ओरडत थेट त्यांच्या डोक्यावर! रफिकभाई पळत परत सीटवर.

"या अल्ला! एवढा हॉर्न तर माझ्या ट्रॅक्टरला बी न्हाई!"

*

दुसऱ्या दिवशी अंडी गायब. सुजाता मात्र खुशीत.

"मॅडम, आमीच उचलून वर बांधावर ठेवली. आजा म्हणला, टिटवीची अंडी उंचावर असली की पाऊस लई पडतो!"

मी कपाळावर हात मारला. "अगं, तिला कशी सापडतील ती? आणि ऊन केवढं!"

सुजाताचा चेहरा पडला. धावत जाऊन तिनं अंडी होती तिथं ठेवली. आम्ही लांब बाभळीखाली बसलो. टिटवी येईना. "पिल्लं मरतील का, मॅडम?" सुजाता रडायला लागली. मलाही रडू येत होतं.

तेवढ्यात टिटवी आली. चार पावलं चालली, थांबली, इकडंतिकडं बघितलं आणि अंड्यांवर बसली! पोरं ओरडणार, तोच सुजातानं शेजारच्या दोघांची तोंडं दाबली.

*

सकाळी बघते तर सगळे ट्रॅक्टर लांबून वळसा घालून चाललेले. सरपंच फटफटीवर आले आणि रफिकभाईंवर खेकसले, "सरळ रस्ता सोडून वळसा कावून बे?"

"पुढं बाळंतीण हाय, सरपंच."

सरपंचांनी खड्यांत बसलेल्या टिटवीकडं पाहिलं. फटफटी बंद केली, खाली उतरले आणि हातानं ढकलत पुढं निघाले!