रिटाने बसून पाहिलेला सामना

लोपीसआळीत बेसिलच्या घरावर पिवळा-हिरवा झेंडा चढला की वर्ल्ड कप आला असं धरायचं. तो चढला की समोरच्या आल्बर्टला चैन पडत नसे. तासाभरात त्याच्याही पागोळीला निळा-पांढरा झेंडा लोंबायला लागे. मग महिनाभर आळीचे दोन तुकडे. बावखलाच्या तळ्यापासून मधल्या क्रुसापर्यंत ब्राझीलवाले, क्रुसाच्या पलीकडे अर्जेंटिनावाले. नवी सून आली तरी तिला कुणी तिची आवड विचारत नसे. सासऱ्याची बाजू तीच तिची. एरवी बेसिल आणि आल्बर्ट एका विळ्याने केळीचे घड काढणारे सख्खे दोस्त. पण त्या महिन्यात आल्बर्ट बेसिलच्या अंगणात यायचा तो फक्त सामना बघायला आणि बेसिलचं डोकं फिरवायला.

सामना बघायची जागा ठरलेली होती, बेसिलची पडवी. आळीतला पहिला रंगीत टीव्ही त्याच्याकडे आला, आणि पुढे घरोघरी मोठमोठे टीव्ही आले तरी माणसं त्याच्याकडेच जमत राहिली. बाक, खुर्च्या, चटया, पायऱ्या सगळं भरून जायचं.

आणि स्वयंपाकघरात रिटा.

रिटा नंदाखालहून लग्न होऊन आली, त्याच वर्षी वर्ल्ड कप होता. हातावरची मेंदी अजून पुरती गेली नव्हती. पडवीत पन्नासेक माणसं बसलेली बघून सासूने तिच्या हातात झारा दिला. तो झारा तिने नऊ वर्ल्ड कप खाली ठेवला नाही. चहाचं आधण, तळलेले बोंबील, उकडलेल्या शेंगा, परत चहा. तिला सामना कळायचा तो आवाजावरून. सगळे एकदम ओरडले की गोल. अर्धेच ओरडले की समोरच्यांचा गोल. आणि कधी कधी सगळ्यांच्या तोंडून एक लांब, दुखल्यासारखा आवाज निघायचा, त्याचा अर्थ मात्र तिला कधीच लागला नाही. हात पुसत ती दारापर्यंत यायची, तोवर सगळं आटपलेलं असायचं. काय झालं म्हणून विचारलं, तर बेसिल म्हणायचा, "अगो, झालं ते. कप भर."

तिच्या मनात एक गोष्ट होती. मुलाचं, लेस्टरचं लग्न होईल, सून येईल, मग आपण एकदा खुर्चीवर बसायचं आणि एक सामना पहिल्या शिट्टीपासून शेवटच्या शिट्टीपर्यंत बघायचा. एवढंच. पण लेस्टर लग्न करून बायकोसकट टोरोंटोला गेला, आणि झारा रिटाच्याच हातात राहिला.

यंदा जून उजाडला, पण बेसिलचा झेंडा काही निघाला नाही.

त्याचं म्हणणं, आता यात राम उरला नाही. सामने अमेरिकेकडे, म्हणजे इथे रात्रीबेरात्री नाहीतर उजाडताना. आणि टीम किती, तर अठ्ठेचाळीस. "वर्ल्ड कप आहे की रेशनची रांग?" असं तो येईल त्याला विचारायचा. आल्बर्टचंही मन उडालं होतं, पण त्याचं कारण निराळं. मागच्या खेपेला त्याचे जिंकले होते. पोट भरलेल्या माणसासारखा तो म्हणायचा, आता काय बघायचं. आळीतली पोरं सकाळी गादीवर लोळत मोबाइलवर गोल बघून घ्यायची, दोन मिनिटांत सामना संपवायची आणि कामावर जायची. लेस्टरचा फोन आला तर त्याची तीच रड. सामने त्याच्या शहरात होते, पण तिकिटाचा आकडा ऐकून तो घरीच बसला होता.

सगळ्यांना वाटलं, रिटा सुटली. तेरेसा, म्हणजे आल्बर्टची बायको, तिला म्हणालीही, "बरं झालं बाय तुझं. यंदा तुझी कंबर वाचली."

दोन दिवस रिटालाही तसंच वाटलं. तिसऱ्या दिवशी तिने एकटीनेच टीव्ही लावून पाहिला. बेसिल आत घोरत होता. मैदान हिरवंगार, लोक नाचताहेत, पडवीत मात्र सगळ्या खुर्च्या भिंतीला टेकवलेल्या. गोल झाला तेव्हा ती खुर्चीतून अर्धवट उठली आणि बघायला कुणी नाही म्हणून परत बसली. एकटीने सामना बघणं म्हणजे लग्नाच्या मांडवात एकटीने जेवायला बसणं. तिने टीव्ही बंद केला. आता एवढ्या वर्षांनी हात मोकळे झाले, तर पडवीच रिकामी. पुढच्या वर्ल्ड कपपर्यंत ही रीत कुणाला आठवेल की नाही, आणि आपण असू की नसू, हे तिला खुपायला लागलं.

चर्चमधल्या पहाटेच्या पहिल्या मिस्सेला ती रोज जायची. त्या आठवड्यात अल्तारासमोर गुडघ्यावर बसल्यावर तिच्या मनात हेच यायचं, आणि तिला लाज वाटायची. देवाकडे मागायला आजारी माणसं आहेत, नोकरी गेलेली पोरं आहेत. त्यात फुटबॉल कुठे घुसवायचा? तिने मागितलं नाही. फक्त बसून राहिली. मिस्सा संपली, ती उठून वळली आणि बाकांकडे तिचं लक्ष गेलं. सगळ्या बायका. पहाटे उठून, आंघोळ करून, घरचं पाणी भरून आलेल्या. पुरुषांना जी वेळ नको होती, त्या वेळेला या आळीतल्या बायका रोज टक्क जाग्या होत्या. उद्याचा सामना साडेसहाचा. मिस्सा सहाला संपते.

चर्चच्या दारातच तिने तेरेसाला गाठलं. तेरेसा त्यांच्या प्रार्थना-समूहाची पुढारी. रिटाला सांगायचं होतं सगळं, पण वर येशूची मूर्ती, समोरून फादर चाललेले, तिथे फुटबॉल हा शब्दच तिच्या तोंडातून निघेना. ती एवढंच म्हणाली, "उद्या मिस्सा झाली की समूहातल्या सगळ्या बायकांना माझ्या घरी आण. आणि ह्यांना काही बोलू नको."

आता समूहाची रीत अशी की घरी कुणी आजारी पडलं तर बायका जपमाळ घेऊन रोजरी करायला जातात, नाहीतर कुणी गेल्यावर जातात. तिसऱ्या कारणाने समूह कुणाच्या दारात गेलेला नाही. तेरेसाने घरी जाऊन विचार केला. बेसिलने झेंडा लावला नाही. बेसिल टीव्ही लावत नाही. आणि रिटा म्हणते, त्यांना काही बोलू नको. संध्याकाळपर्यंत आळीभर झालं की बेसिलला काहीतरी मोठं निघालंय आणि त्याला अजून ते सांगितलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बेसिल तोंडात ब्रश घालून पडवीत उभा होता, तोच पंधरा-वीस बायका फाटकातून आत आल्या. हातात मेणबत्त्या, गीतांची पुस्तकं. एकीने डब्यात पेज आणलेली. मागून आल्बर्ट, दाढी करून, मयताला घालतो तो पांढरा शर्ट घालून. बेसिल तोंडातला ब्रश काढेपर्यंत बायकांनी मेणबत्त्या लावल्या, चटया अंथरल्या आणि तेरेसाने खणखणीत आवाजात रोजरी सुरू केली.

रिटाला काय झालं ते लगेच कळलं. पण सुरू झालेली प्रार्थना मोडायची कशी? ती गुडघ्यावर बसली. ओठ प्रार्थना म्हणत होते आणि डोळे भिंतीवरच्या घड्याळाला चिकटलेले. इतक्या वर्षांनी खुर्ची मिळणार, तर पहिली शिट्टी रोजरीत जाणार.

इकडे बेसिलचं निराळंच. समूह घरी आला म्हणजे घरात कुणीतरी आजारी आहे, हे त्यालाही ठाऊक होतं. तो तर धडधाकट. म्हणजे रिटा. तिने आपल्यापासून लपवलं. त्याने गपकन ब्रश खिशात घातला, आल्बर्टच्या शेजारी गुडघे टेकले आणि डोळे मिटले. आळीने बेसिलला इतक्या मनापासून प्रार्थना करताना कधी पाहिलं नव्हतं. त्याच्या गालावरून पाणी वाहत होतं. ते बघून बायकांना वाटलं, म्हणजे याला समजलंय तर. चार-दोघींनी पदर डोळ्याला लावला.

आल्बर्टने त्याचा हात घट्ट धरला आणि हळूच विचारलं, "डॉक्टर काय म्हणाला?"

"मला कुठे माहीत? मला कुणी सांगितलंच नाही."

"अरे, पण दुखतंय कुठे?"

"मला काय झालंय दुखायला? रिटाचं विचार."

तेरेसाचा आवाज थांबला. सगळ्यांचे डोळे रिटाकडे वळले. बेसिल रांगतच तिच्याजवळ गेला आणि म्हणाला, "काय झालंय तुला? सांग एकदा."

रिटाने घड्याळाकडे पाहिलं. मग बेसिलकडे. आता लाजून चालणार नव्हतं.

"मला सामना बघायचाय," ती म्हणाली. "पहिल्यापासून शेवटपर्यंत. खुर्चीवर बसून. तुम्ही सगळे बघत होता तेव्हा मी आतून नुसता ओरडा ऐकला. आता तुम्ही सोडलंत, तर सोडा. आम्ही जाग्याच असतो."

 तेरेसा पुस्तकात बोट घालून तिच्याकडे बघत राहिली.

"फुटबॉलसाठी मला रोजरी करायला लावलीस?"

"मी कुठे लावली? तुम्हीच येऊन सुरू केलीत."

आधी मागच्या चटईवर कुणीतरी खुदकन हसलं. मग सगळ्याच. पेज आणणारी तर डबा मांडीवर धरून हलत होती. बेसिल मात्र हसला नाही. तो रिटाच्या तोंडाकडे नुसता बघत होता, ती चालती-बोलती परत मिळाल्यासारखा. शेवटी तेरेसाने हात वर केला. प्रार्थना अर्धी सोडायची नाही, ती म्हणाली, आता ती बेसिलच्या बऱ्या तब्येतीबद्दल उपकार मानायला पुरी करू. रोजरीच्या शेवटची लितानी त्या आळीत इतक्या भरभर कधी म्हटली गेली नसेल. शेवटच्या आमेनला रिटाने बटण दाबलं. खेळाडू अजून रांगेत उभे होते, छातीवर हात ठेवून.

ती खुर्चीवर बसली.

एक टीम लाल बनियनची, दुसरी पांढऱ्या बनियनची. पांढऱ्यांचा देश इतका चिमुकला की त्याचं नाव कुणाला धड घेता येईना. राष्ट्रगीताला त्यांचा गोलकीपर रडला आणि त्याने क्रुसाची खूण केली, तेव्हा बायकांनी बाजू ठरवून टाकली. नियम कुणाला ठाऊक नव्हते. पण धक्का लागून पडल्याचं सोंग करणारा लालवाला पहिल्याच झटक्यात ओळखू आला. "आमचा धाकटा असाच लोळतो," एकजण म्हणाली.

चहाचं कुणाच्याच लक्षात नव्हतं. बेसिल थोडा वेळ दारात घुटमळला, मग आत गेला. आल्बर्टही मागोमाग. मयताच्या शर्टाच्या बाह्या सारून दोघे चूल सांभाळायला लागले. साखर कुठली आणि मीठ कुठलं यावरून आत वाद चाललेला पडवीत ऐकू येत होता. लालवाल्यांनी एक गोल केला. पांढऱ्यांनी तो फेडला.

मग पांढऱ्यांचा एक पोरगा एकटाच सुटला. त्याने सगळा जोर लावून चेंडू मारला, आणि तो खांबाला लागून बाहेर गेला. सगळ्या बायकांच्या तोंडून एक लांब आवाज निघाला. रिटाच्याही. स्वतःच्या घशातून तो निघाला तेव्हा तिला कळलं, इतकी वर्षं ती स्वयंपाकघरात जो आवाज ऐकत होती तो हाच. खांबाला लागतो तेव्हाचा. 

शेवटची काही मिनिटं उरलेली असताना पांढऱ्यांनी कॉर्नर घेतला. गर्दीत कुणाच्या तरी डोक्याला लागून चेंडू जाळ्यात गेला, आणि पडवीतून जी आरोळी उठली तिने क्रुसाजवळची कुत्री भुंकायला लागली. बेसिल गाळणी हातात घेऊन धावत आला.

"काय झालं? कुणी मारला?"

"झालं ते," रिटा टीव्हीवरची नजर न काढता म्हणाली. "कप भरा."

आल्बर्ट भिंतीला टेकून इतका हसला की त्याला ठसका लागला. आरडाओरड ऐकून आळीतली पोरं मोबाइल हातात धरून फाटकाशी आली, काय चाललंय म्हणून विचारायला लागली. त्यांना बसायला जागा नव्हती. ती पायऱ्यांवर उभीच राहिली. शेवटची शिट्टी वाजली तेव्हा तेरेसा चटईवर उभी राहून टाळ्या वाजवत होती, आणि मैदानावर तो गोलकीपर गुडघ्यावर बसला होता. रिटाने मनातल्या मनात देवाचे आभार मानले. आता तिला लाज वाटली नाही.

कुणी उठेना. पुढचा सकाळचा सामना कधी, असं पेजवालीने विचारलं. परवा, पोरांपैकी एकाने मोबाइलवर बघून सांगितलं. तेरेसाने तिथल्या तिथे ठरवलं, रोजरी हवी असेल त्याने आपल्या घरी करून यायचं, आणि बाक आमच्याकडचेही आणायचे. आल्बर्टने डोकं खाली घालून बरं म्हटलं.

बायका जायच्या आधीच लेस्टरचा फोन आला. तिकडे रात्र होती, तो झोपायच्या तयारीत होता. घरात एवढा गलका कसला, त्याने विचारलं. सामना बघितला, रिटाने सांगितलं. त्याने पाहिला नव्हता. कोण जिंकलं एवढंच सांग, तो म्हणाला, सकाळी कामावर जायचंय.

"असं कसं एवढंच?" रिटा म्हणाली. "बस नीट. पहिल्यापासून सांगते."

आणि ती सांगायला लागली, रडणाऱ्या गोलकीपरपासून. बेसिलने हातातला ट्रे खाली ठेवला, खुर्ची ओढली आणि तिच्याजवळ येऊन बसला. शेवटचा गोल कसा झाला, ते त्यालाही ऐकायचं होतं.