टाळूवरचं पीठ

मंडळी, आधीच सांगून टाकतो, असल्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नव्हता. भूत, भानामती, चक्रं, शक्तिपात... माझ्या लेखी सगळं एकाच पोत्यातलं.

आणि जे मला ओळखतात ते आत्ताच हसायला लागले असतील. कारण मी डोंबिवलीत हळदी, बारशी, साठीशांती यांचं निवेदन करतो. थापा मारणं हा माझा धंदाच आहे. माइक हातात आला की साध्यासुध्या नवरदेवाचं मी असं काही वर्णन करतो की त्याची आईसुद्धा चमकून बघते, हा नक्की आपलाच ना? एका हळदीला मी 'वाजवा रे' इतक्या जोरात ओरडलेलो की खाडीपलीकडच्या गावातली वरात नाचायला लागली.

हे अर्थातच खोटं. माझं बोलणं अर्धं सोडून द्यायची सवय असेल तर खुशाल सोडा. फक्त एका जागी सोडू नका. ती जागा आली की मी सांगेन.

माझी सुलूआत्या, म्हणजे वडिलांची धाकटी बहीण, डोंबिवली पूर्वेला एका जुन्या बिल्डिंगच्या तळमजल्यावर राहते. सोबत तिचा एकुलता एक मुलगा सतीश. आत्या पाठीतून वाकलेली आहे. थोडीथोडकी नाही, काटकोनात. डॉक्टरांनी एक्स-रे दिव्यासमोर धरून सांगितलेलं, मणके एकमेकांवर बसलेत, आता हे सरळ होणार नाही. तेव्हापासून तिचं जग म्हणजे फरशी. माणसं ती पायांवरून ओळखते. मी दारात चपला काढल्या की आतून आवाज येतो, "पक्या आला! टाच किती फुटलीय रे, बायको बघत नाही का?" ओटा तिला उंच पडतो, म्हणून शेगडी खाली चौरंगावर आणि शेजारी परात. तांदळाच्या भाकऱ्या ती अशा करते की कोकणातले आमचे पूर्वज वास घेऊन रांगेत उभे राहतील.

सतीश सहा फुटी. एकटा जीव, बायको केव्हाच सोडून गेली. नोकरी संपल्यावर तो नौपाड्यातल्या कुंडलिनीच्या वर्गाला जायला लागला. तिथल्या गुरूंना सगळे 'सर' म्हणायचे. मी एकदा सतीशबरोबर गेलेलो, फुकट चहा असतो म्हणून. सर बोलायचे मात्र सुंदर. म्हणाले, "कण्याच्या तळाशी, मूलाधारात, साडेतीन वेटोळे घालून शक्ती निजलीय. ती जागी झाली की सुषुम्नेतून वर चढते, एकेक चक्र भेदते आणि टाळूशी, सहस्रारात शिवाला भेटते. आयुष्यभर निजलेलं जे आहे ते उठणं, म्हणजे कुंडलिनी." मला इतकं आवडलं की पुढच्याच हळदीत मी ते नवरीच्या बापाला चिकटवून टाकलं.

पण आपल्याकडे कशाचाही क्लास निघाला की त्याची दहावी होते. तिथे मूलाधार बॅच, मणिपूर बॅच, अनाहत बॅच. सर ज्याला वरच्या चक्राला पाठवतील त्याला टाळ्या, पेढे. लग्नाकार्यात बायका सतीशला गाठायच्या, "काय हो, अजून विशुद्धच? आमची सून मागच्याच बॅचला आज्ञेत गेली." जसा काही निकाल लागला होता! सतीश हसायचा. पण त्याच्या मागून आलेली पोरंटोरं पुढे निघून गेली आणि हा आपला गळ्याच्या चक्रापाशी अडकलेला. वर्षानुवर्षं. घरी आला की गप्प.

मला राग यायचा तो वेगळ्याच गोष्टीचा. हा माणूस दिवसभर कण्याबद्दल बोलायचा. कणा ताठ, कणा शुद्ध, कण्यातून प्रवाह... आणि समोर आईचा कणा. त्याकडे बघायला वेळ नाही. मी एकदा म्हणालोही, "सत्या, शेवटचं आईच्या तोंडाकडे कधी बघितलंस?"

"पक्या, तुला नाही कळणार. तू अजून मूलाधारातच आहेस."

घ्या! आपल्याला नापास करून मोकळा.

तर ती सकाळ. मी भाकरीच्या आशेने गेलेलो. सतीश हॉलमध्ये भिंतीला पाठ लावून ताठ उभा. डोळे मिटलेले, कानात कापसाचे बोळे. हा सरांनी दिलेला गृहपाठ, 'उभं ध्यान'. स्वयंपाकघराच्या दारातून तो समोरच दिसत होता. मी उंबऱ्यावर बसलो. आत्याने एक भाकरी तव्यावर टाकली आणि हात झटकत, तशीच वाकलेली, हॉलमध्ये गेली.

"मघापासून उभाय," ती म्हणाली. "पाय बघ कसे थरथरतायत."

"असू दे गं. शक्ती चढतेय त्याची."

ती फरशीकडे बघत होती. तिला दुसरं दिसतं काय? सतीशच्या अंगठ्याशेजारी एक थेंब पडला. मग आणखी एक.

"पक्या... रडतोय का रे तो?"

मी वर बघितलं. रडत होता. सहा फुटी बाप्या, मिटल्या डोळ्यांतून पाणी गळत होतं, ओठ नुसते हलत होते... 'का नाही, का नाही'. मी नुसतं 'हं' केलं.

मंडळी, ती जागा आली. इथून एक अक्षर सोडायचं नाही.

आत्याची कंबर हलली. आधी वाटलं, तोल गेला. मी उठणार तोच आवाज आला, बारीक, बंद पडलेली खिडकी कुणीतरी आतून हळूहळू ढकलावी तसा. तिची पाठ खालून उलगडायला लागली. एकदम नाही. एक मणका, मग त्याच्या वरचा, मग त्याच्या वरचा... ब्लाउजखाली दिसत होतं मला. पदर खांद्यावरून घसरला. मान सर्वांत शेवटी आली. आणि माझी आत्या उभी राहिली. सरळ. कशाचाही आधार न घेता.

ती सतीशच्या तोंडाकडे बघत राहिली. मग टाचा उचलल्या, हात वर नेला आणि पिठाने माखलेला तळवा त्याच्या टाळूवर ठेवला. तिचे ओठ हलले, मला ऐकू आलं नाही. सतीशने असा श्वास घेतला की जणू पाण्याखालून वर आला. पण डोळे... गाढवाने डोळे उघडले नाहीत.

ती माझ्याकडे वळली. तिचा चेहरा मी इतक्या वर्षांनी समोरासमोर बघत होतो. "अगो बाई," ती म्हणाली, "पक्या, केवढा पिकलास रे तू!"

आणि तेवढ्यात करपल्याचा वास आला.

"भाकरी!"

"जळू दे गं! आत्या, जळू दे!" मी ओरडलो. माझा हळदीतला आवाज. पण ती गेली आणि चौरंगावरची भाकरी उलटायला वाकली. वाकली ती वाकलीच.

हॉलमध्ये सतीश ओरडला, "झालं! आई, झालं!" बोळे काढून फेकले. "टाळूवर कुणीतरी हात ठेवला... गरम... सगळं अंग उजळून गेलं." त्याने डोक्यावरून हात फिरवला तर बोटांना पांढरं लागलं. बघतच राहिला. "विभूती!"

"अरे मूर्खा, पीठ आहे ते! आत्या उभी राहिली होती, तिने..."

"पक्या." तो मुलासारखा हसत होता. "निदान आज तरी थापा मारू नकोस. आईचा हात माझ्या छातीपर्यंत तरी पोचतो का?"

पुढच्या रविवारी नौपाड्यातल्या हॉलमध्ये त्याचा सत्कार झाला. शाल, श्रीफळ, सगळं. आज्ञा ओलांडून थेट सहस्रार म्हणे, डबल प्रमोशन. आणि आत्या पहिल्या रांगेत, नजर खाली. स्टेजवरचे त्याचे पाय तेवढे दिसत असतील. सतीश विभूतीचं सांगायला लागला आणि माझं डोकं फिरलं. मी उभा राहिलो. माइक लागलाच नाही. सगळं सांगितलं, भाकरीसकट. हॉल हसून हसून लोटपोट. मागून एक जण म्हणाला, "हे तर आमच्या भाच्याच्या हळदीतले निवेदक! तेव्हा नवरदेवाला पण हवेत उडवलं होतं यांनी!"

सरांनी हात वर करून शांत केलं. सभ्य माणूस, उगाच कशाला नावं ठेवू. आत्याजवळ येऊन वाकून विचारलं, "आई, तुम्ही सांगा. उभ्या राहिला होतात?"

सतीशचं हसू गेलेलं. शाल त्याने दोन्ही हातांनी घट्ट धरलेली.

आत्या फरशीकडे बघत म्हणाली, "मी? मी कशी उभी राहीन, बाबा?"

टाळ्या वाजल्या. माझ्या आयुष्यात मी खूप टाळ्या घेतल्यात. इतक्या घाणेरड्या टाळ्या कधी ऐकल्या नाहीत.

परतताना रिक्षात मी तिच्यावर भडकलो. "का खोटं बोललीस?"

"तो किती वर्षं वाट बघत होता रे."

"आणि तू?"

त्यावर ती नुसतीच रिक्षाच्या तळाकडे बघत बसली.

तिला मी पुन्हा डॉक्टरांकडे नेलं. एक्स-रे तसाच. उभ्या राहण्याबद्दल बोललो तर डॉक्टर हसले आणि मलाच झोप नीट लागते का विचारलं. मग ते काय होतं? सर म्हणतात तसं शक्ती जागी होण्यासाठी दीक्षा, बॅच, वर्षानुवर्षांची साधना लागते. आत्याने भाकऱ्यांशिवाय काही केलं नाही. डॉक्टर म्हणतात तसं ते हाडामुळे अशक्य. मी डोळ्यांनी बघितलं. तिन्ही खरं कसं असेल, मला आजही कळलेलं नाही.

सतीश आता नवीन लोकांची बॅच घेतो. फार मान आहे. आईच्या तोंडाकडे अजून बघत नाही. बघायचं तर खाली बसावं लागेल.

मी जातो अधूनमधून. भाकरी वाढून झाली की आत्या माझ्या पायांकडे बघत म्हणते, "ती गोष्ट सांग ना." मग मी सांगतो. थेंब, कंबर, मणके, पिठाचा हात. ती ऐकते. आणि दर वेळी त्याच जागी मला थांबवते.

"पक्या, तू तर एवढं रंगवून सांगतोस. मग एवढं बदल ना... त्याचे डोळे उघडे होते असं सांग."

मी, डोंबिवलीतला एक नंबरचा थापाड्या. तोंड उघडतो, आणि तेवढी एक थाप मला मारता येत नाही.