असीरगडामागच्या डोंगरात आमची खोपी

नोव्हेंबरातल्या त्या रविवारी सकाळी सातला आम्ही बऱ्हाणपुरातून निघालो, तेव्हा माझ्या ओढणीच्या टोकाला एक गाठ मारलेली होती. गाठीत चार गोळ्या होत्या. छातीत कळ आली तर जिभेखाली ठेवायच्या. गोळ्या माझ्यासाठी नव्हत्या, स्कूटर चालवणाऱ्या माझ्या नवऱ्यासाठी होत्या.

विलासना आदल्या वर्षी ऑफिसात, टेबलाशी बसल्या बसल्या, हार्ट अटॅक आला. इंदूरला नेलं, स्टेंट टाकला, जीव वाचला. पुढचे सहा महिने ते घरात इतके शहाण्यासारखे वागले की मलाच धास्ती वाटायला लागली. मग एक दिवस जेवताना म्हणाले, "मामांनी दिलेला तो डोंगरावरचा तुकडा आहे ना, तिथे एक खोली बांधू."

"कोण बांधणार?"

"मी."

या माणसाने घरात कधी खिळा सरळ ठोकलेला नाही. मी हसले, पण ते हसले नाहीत. शेवटी मी एकच अट घातली, की तिकडे एकट्याने जायचं नाही. मी शाळेत शिकवते, त्यामुळे आम्हा दोघांना मिळून रविवार तेवढा मोकळा. अशा आमच्या रविवारच्या फेऱ्या सुरू झाल्या.

आमच्या इतवारा पेठेतून निघालं की शहर लवकर सुटतं. दोन्ही बाजूंना केळीच्या बागा, घडांवर निळ्या पिशव्या चढवलेल्या, मधून मधून केळी भरायला उभे ट्रक. पुढे जमीन चढू लागते, केळी मागे पडते, कपाशी येते, आणि मग एका वळणावर असीरगड दिसतो. पाहुण्यांना घेऊन मी तिथे कितीदा गेले असेन. त्या दिवशी मात्र मी गडाकडे पाहिलंच नाही. विलासच्या पाठीकडे पाहत होते. पाठ ताठ आहे ना, खांदे नेहमीसारखे आहेत ना.

गडाखाली चहा घेतला. टपरीवाल्याने विचारलं, "किला देखने आए?"

"नहीं भाई, घर बनाने," विलास म्हणाले आणि मागच्या डोंगरांकडे हात केला.

तो माणूस आधी डोंगराकडे बघत राहिला, मग आमच्याकडे. "उधर तो मोबाईल भी नहीं लगता, बाबूजी."

हे मला ठाऊक होतं, तरी मी ओढणीची गाठ एकदा चाचपून पाहिली.

तिथून कच्चा रस्ता एका फाल्यापर्यंत (डोंगरातल्या वस्तीला इकडे फाल्या म्हणतात) जातो. स्कूटर तिथे ठेवायची आणि पाऊण तास चढायचं. वाट सागातून जाते. अर्ध्यावर एक मोठा खडक आहे, त्याच्यावर उभं राहिलं तरच फोनला रेंज येते. मी तो खडक नीट पाहून ठेवला. तिथून आमची जागा वीस मिनिटं वर. म्हणजे काही झालं तर वीस मिनिटं खाली धावायचं, फोन करायचा, मग मदत वर यायला तासभर. हा हिशोब मी दर रविवारी करायची आणि दर रविवारी तो तेवढाच निघायचा.

जागा मात्र सुंदर होती, हे मला नाकारता येत नाही. डोंगराच्या अंगावर दोन बैलगाड्या उभ्या राहतील एवढी सपाटी, एका कडेला कोरडा नाला, पलीकडे सालईची पांढुरकी झाडं, आणि समोर सातपुड्याच्या एकामागे एक उतरत गेलेल्या रांगा. विलास तिथे पोचले की दम खायला बसायचे आणि समोर बघत राहायचे. मी त्यांचा श्वास ऐकत राहायची.

आमचे शेजारी म्हणजे नानसिंग आणि गेंदाबाई. नाल्याच्या खालच्या अंगाला त्यांचं शेत आणि घर. नानसिंगला दगडाची भिंत रचता यायची, विलासना त्याने कामाला लावलं. कोणता दगड कुठे बसेल हे तो न उचलताच सांगायचा. विलास तीनदा उचलायचे, तीनदा चुकायचे. गेंदाबाईला आमची मोठी गंमत वाटे. पहिल्या दिवशी तिने मला विचारलं, "शहर में घर नहीं है क्या?"

"है ना."

"फिर?"

मी म्हटलं, "बाबूजींचं मन आहे." तिने मान डोलावली, जणू हे कारण तिला पुरेसं होतं.

दुपारी आम्ही चौघं एकत्र जेवायचो. मी कळण्याच्या भाकरी (ज्वारी आणि उडीद एकत्र दळून केलेल्या) आणि ठेचा न्यायची, गेंदाबाई अंबाडीची भाजी आणायची. एकदा गेंदाबाईसाठी दराब्याचा डबा नेला. रवा, तूप, साखर तासन्‌तास घोटून करतात ती आमच्या गावची मिठाई. डबा भिंतीवर ठेवला आणि वळले, तेवढ्यात एक वानर तो घेऊन सालईवर चढलं. वर बसून त्याने आरामात झाकण काढलं. नानसिंग पोट धरून हसला. विलास इतके हसले की त्यांना ठसका लागला, आणि माझा हात आपोआप ओढणीच्या गाठीवर गेला.

त्यांनी ते पाहिलं.

त्याबद्दल बोलले ते जानेवारीत. मी नाल्याकडे काटक्या गोळा करत होते आणि वरून हातोडीचा आवाज येत होता. मी त्या आवाजावरच असायची. आवाज चालू आहे म्हणजे सगळं ठीक आहे. अचानक तो थांबला. मी थोडी वाट पाहिली, मग काटक्या टाकून धावत वर गेले. विलास दगडावर बसून एका घारीकडे बघत होते.

"काय झालं?" मी ओरडलेच.

"काही नाही. बसलोय."

"आवाज का थांबवला?"

त्यांनी हातोडी खाली ठेवली. "शैला, तू मला बघत नाहीस आता. तपासतेस. मी काय काचेचा आहे का?"

"तुम्हाला नाही कळणार."

"हां, मला कसं कळणार! झालं तर मलाच होतं ना ते."

परतताना मी बऱ्हाणपूरपर्यंत त्यांच्या पाठीकडे पाहिलं नाही, रस्त्याकडे पाहिलं.

मार्चमध्ये भिंती पूर्ण झाल्या. वाटेवर पळस फुलले होते. वाशांवर पत्रे चढवायचा रविवार ठरला. पत्रे आदल्या आठवड्यातच वस्तीतल्या माणसांनी डोक्यावर वाहून आणले होते. नानसिंगला त्या दिवशी सकाळी एका लग्नाला जायचं होतं. तो म्हणाला होता, "मैं दोपहर को आता हूँ बाबू, तब तक हाथ मत लगाना." पण अकरा वाजले, बारा वाजले, आणि विलासना धीर धरवेना.

"एक पत्रा तर आपण दोघं चढवू शकतो. तू फक्त खालून धर."

मी नाही म्हणायला हवं होतं. पण जानेवारीतलं ते बोलणं मनात होतं. तपासणारी बाई व्हायचं नव्हतं मला. ते शिडीवर चढले आणि मी नाल्याकडच्या भिंतीच्या जोत्यावर उभी राहून पत्रा वर सरकवू लागले. माझं सगळं लक्ष त्यांच्या चेहऱ्याकडे. घाम येतोय का, ओठ कसे दिसतायत. वारा आला तो मला दिसलाच नाही. पत्रा हातात एकदम जड झाला, मग एकदम हलका, आणि त्याच्याबरोबर मी मागे नाल्यात गेले.

उजवा पाय खाली दुमडला होता. हाड मोडल्याचा आवाज मला स्वतःला ऐकू आला. विलास शिडीवरून कसे उतरले माहीत नाही. माझ्याशेजारी गुडघे टेकून बसले. चेहरा पांढराफटक.

"हलू नको. हलू नको हं. मी खाली जातो, माणसं आणतो."

"धावू नका," मी म्हटलं.

"नाही धावत."

"शप्पथ?"

पण ते वळले होते. सागांमध्ये त्यांचा निळा शर्ट एकदा दिसला आणि गेला. तेव्हा माझं लक्ष माझ्या ओढणीकडे गेलं. गाठ तशीच होती. गोळ्या माझ्याजवळ राहिल्या होत्या.

मी हाका मारल्या. घसा बसेपर्यंत मारल्या. मग रांगत नाल्याच्या काठापर्यंत जायचा प्रयत्न केला. पाय हलवला की डोळ्यांपुढे अंधारी येत होती. दोन हात सरकले असेन तेवढंच. पायाचं दुखणं भयंकर होतं, तरी त्यापेक्षा मोठी गोष्ट मला डोळ्यांसमोर दिसत होती. खडकाच्या अलीकडे वाटेवर निळा शर्ट पडलेला, आणि फोन हातात, रेंज नसलेला. इतके महिने मी ज्या भीतीवर पहारा देत होते, तिला मीच मोकळं रान दिलं होतं. ऊन नाल्यात उतरलं. पत्रा दगडांवर आपटून वाजत होता, थांबत होता, पुन्हा वाजत होता. मी दर वेळी मान वर करत होते.

किती वेळ गेला सांगता येत नाही. पहिल्यांदा आली ती गेंदाबाई. हातात पाण्याची कळशी, पदर कमरेला खोचलेला.

"बाबूजी?" मी एवढंच विचारलं.

"ठीक है बाबूजी. मेरे घर के सामने से गए."

"धावत होते?"

"ना रे बाई," ती माझं डोकं मांडीवर घेत म्हणाली. "बैठ-बैठ के जा रहे थे. हर मोड़ पे बैठते. मैंने कहा, मैं जाती हूँ नीचे, तो बोले, ना, तुम बाई के पास जाओ. मैं धीरे-धीरे पहुँच जाऊँगा."

मी तिच्या मांडीत तोंड घालून रडले. तिला वाटलं पाय दुखतोय. ती पायावर फुंकर घालत राहिली.

खाट उलटी करून, तिला दोन बांबू बांधून चौघांनी मला खाली नेलं. पुढे नानसिंग होता, लग्नाचे नवे कपडे घातलेला. विलास खाली वस्तीतल्या जीपजवळ उभे होते. नानसिंगने त्यांना वर येऊच दिलं नव्हतं. मला पाहून ते एक पाऊल पुढे आले आणि जीपला टेकले.

दवाखान्यात प्लास्टर होईपर्यंत संध्याकाळ झाली. ते स्टुलावर बसले होते. मी ओढणीची गाठ सोडून गोळ्या त्यांच्या हातात दिल्या. "ह्या माझ्याकडे राहिल्या."

त्यांनी शर्टाच्या खिशातून तशाच गोळ्यांची एक पट्टी काढून पलंगावर ठेवली. "माझ्याकडे असतात ना. पहिल्या दिवसापासून."

"सांगितलं का नाही?"

"काय सांगू? मलाही भीती वाटते म्हणून? तू एकटीच एवढी घाबरलेली, त्यात मी अजून भर घालू?" ते खाली बघत म्हणाले. "चढताना दर वेळी वाटतं, आज होणार. म्हणून तर वर गेलो की पहिलं बसतो. तुला वाटतं मी डोंगर बघतो."

मी त्यांचा हात धरला. नर्स आली आणि सलाइन बदलून गेली.

प्लास्टर दीड महिना होतं. सुरुवातीचे दोन रविवार विलास घरीच बसले. तिसऱ्या आठवड्यात मीच म्हटलं, "जा. पावसाच्या आधी छप्पर झालं पाहिजे." त्यांनी दोनदा विचारलं, "नक्की?" मग गेले. तो दिवस मी खिडकीशी काढला. दुपारी खडकावरून त्यांचा फोन आला. मागे वारा एवढा होता की अर्धं कळलं नाही. "चार पत्रे बसले," एवढं कळलं. पुढचे सगळे रविवार तसेच गेले.

मे महिन्याच्या शेवटी मी पहिल्यांदा पुन्हा वर गेले. ऊन चढायच्या आत निघालो, तरी मला काठी टेकत चढायला दीड तास लागला. आम्ही दोघंही वळणावळणावर बसलो, न लाजता. खडक आला तसा मागे राहिला. सागाची पानं गळलेली, झाडीतून पलीकडचं सगळं दिसत होतं, आणि त्या उघड्या डोंगरात आमचं छप्पर लांबूनच चमकलं.

खोली बारा बाय दहाची आहे. एक खिडकी, शेणाने सारवलेली जमीन, पत्र्यांवर वाऱ्यासाठी ठेवलेले दगड. सारवण गेंदाबाईने केलं होतं, माझ्यासाठी, मला न सांगता. उंबऱ्याशी तिने बोटांनी ठिपके काढले होते. मी आत जाऊन भिंतीला टेकून बसले. एक दगड जरा बाहेर आलेला होता, पाठीला टोचत होता. तो विलासनी बसवलेला असणार, नानसिंगच्या हातून असं होत नाही.

गेंदाबाईने डोकावून विचारलं, "अब यहीं रहोगे?"

"रविवारच्या रविवार," मी म्हटलं.

दुपारी उतरायला लागलो. उतारावर माझा पाय फारच हळू पडत होता. विलास दोन पावलं पुढे जायचे, थांबायचे, मागे वळून हात द्यायचे. वस्ती जवळ आली तशी मी म्हटलं, "तुम्ही व्हा पुढे. स्कूटर सावलीत काढून ठेवा, सीट तापली असेल. मी येते मागून."

"एकटी?"

"काठी आहे ना."

ते माझ्याकडे बघत उभे राहिले. मग हळू पुढे गेले, आणि वळणावर दिसेनासे झाले.

मी वाटेवर तशीच उभी राहिले. हाक मारावीशी वाटली. ओठांपर्यंत आली. मारली नाही, भीती तशीच राहू दिली आणि काठी पुढे टेकली. मग एक पाऊल, मग दुसरं. दगड बघून पाय टाकायचा होता, त्यामुळे दुसरीकडे बघायला वेळच नव्हता. खाली पोचले तेव्हा विलास कडुलिंबाखाली उभे होते, सीटवर ओला रुमाल पसरून. कपाळावर घाम होता, आणि मला पाहिल्यावर त्यांनी जो श्वास सोडला तो मला दहा पावलांवरून ऐकू आला.

घरी पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. मी पाय गरम पाण्यात घालून बसले आणि विलासनी चहा टाकला. डोंगरात राहून माणूस निडर होतो असं कुणी मला सांगितलं, तर आता मी वाद घालणार नाही, पण आमच्यापुरतं ते खरं नाही. आम्ही जेवढे घाबरट गेलो होतो तेवढेच परत आलो. फरक झाला तो एवढाच. त्या वळणामागे पाच मिनिटं आम्ही एकमेकांना दिसत नव्हतो, आणि त्या पाच मिनिटांत दोघंही आपापल्या पायांनी चालत होतो.